बॉनच्या हवामान सत्राला पहिल्यांदा जाताना: नागपूरच्या एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीला एका संस्थेने जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला होणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान सत्रासाठी तरुण प्रतिनिधी म्हणून पाठवायचे कबूल केले आहे. हातात साधारण पाच महिने आहेत, पासपोर्ट अजून काढलेला नाही, घरचे पहिल्यांदाच परदेशी पाठवताहेत, आणि तिथे जाऊन नेमके करायचे काय हे कोणी सांगत नाही. शिवाय "कॉपला, म्हणजे दरवर्षीच्या मोठ्या हवामान परिषदेला, न नेता बॉनला का?" अशी रुखरुखही आहे.

आधी ती रुखरुख. बॉन मिळाले हे उत्तमच झाले. नोव्हेंबरची कॉप म्हणजे जत्रा असते: हजारो माणसे, देशोदेशींची दालने, नेत्यांची भाषणे, कॅमेरे. पहिल्यांदा जाणारा माणूस त्यात हरवतो आणि फोटो घेऊन परत येतो. जूनचे सत्र लहान असते. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या दोन उपसमित्या, एक अंमलबजावणीची आणि एक शास्त्रीय-तांत्रिक सल्ल्याची, इथे बसून मसुद्यांवर काम करतात आणि कॉपमध्ये ज्यावर शिक्कामोर्तब होते त्यातले बरेच इथे घडते. खोल्या लहान असतात, वाटाघाटी करणारी माणसे कॉफीच्या रांगेत भेटतात आणि बोलतातही. शिकायचे असेल तर बॉन.

आता पासपोर्ट. तो आजच भरायला घ्या, कारण पुढचे प्रत्येक पाऊल पासपोर्ट क्रमांकावर अडते. संस्थेला तुमचे नाव नोंदवायचे तर क्रमांक लागतो, व्हिसाला लागतो, बॉनच्या नोंदणी खिडकीवर बिल्ला घेतानाही पासपोर्टच दाखवायचा असतो. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, तत्काळला आणखी 2000. नागपुरात प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय आहे, त्यामुळे धावपळ गावातल्या गावात होते. वेळ जातो तो पोलीस पडताळणीत. आधार एका पत्त्यावर आणि राहणे दुसऱ्या पत्त्यावर असेल तर तिथेच गाडे अडते, म्हणून अर्जात सध्या जिथे राहता तोच पत्ता आणि त्याचाच पुरावा द्या.

नावाकडे डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाचा वेगळा. नावाच्या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहिले तर तिकिटावर, विम्यावर, परिषदेच्या नोंदणीत, सगळीकडे तसेच गेले पाहिजे. एका ठिकाणी वडिलांचे नाव गाळले, दुसऱ्या ठिकाणी स्पेलिंग बदलले, की व्हिसाच्या फाइलवर शंका येते आणि बिल्ल्याच्या रांगेत तासभर मोडतो.

नोंदणी कशी होते ते नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथेच होते. या सत्रांना सुट्या व्यक्तीला थेट नाव नोंदवता येत नाही. एकतर देशाचे सरकार आपल्या शिष्टमंडळात घेते, नाहीतर निरीक्षक म्हणून मान्यता मिळालेली संस्था आपल्या कोट्यातून नाव पाठवते. संस्थेने ऑनलाइन प्रणालीत नाव टाकले की ते 'नामांकित' होते. नंतर, मुदतीच्या आत, संस्था मिळालेल्या जागांपुरतीच नावे 'कन्फर्म' करते आणि मगच तुमच्या नावाचे पत्र निघते. नामांकन म्हणजे निवड नव्हे. संस्थेला स्पष्ट विचारा: कोट्यात किती जागा, माझे नाव कन्फर्म कधी करणार, पूर्ण सत्रासाठी की एकाच आठवड्यासाठी? जागा कमी म्हणून बऱ्याच संस्था आठवडे वाटून घेतात. हे माहीत नसताना दोन आठवड्यांचे तिकीट काढले तर पैसे पाण्यात.

या नोंदणीला कोणत्याही टप्प्यावर फी नसते. "तुमची निवड झाली, आता इतके डॉलर भरा, हॉटेल आमच्याकडूनच घ्यावे लागेल" असा मेल आला तर तो संयुक्त राष्ट्रांचा नाही, मग त्यावर निळे बोधचिन्ह कितीही ठळक असो. तरुणांसाठी 'जागतिक परिषद' या नावाने पॅकेज विकणाऱ्या खासगी कार्यक्रमांचाही सुळसुळाट आहे. त्यात सहल होते, प्रमाणपत्र मिळते, पण वाटाघाटींशी त्याचा काडीचा संबंध नसतो. पाठवणाऱ्या संस्थेचे नाव यूएनएफसीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराच्या, संकेतस्थळावरच्या मान्यताप्राप्त निरीक्षकांच्या यादीत आहे का, एवढे पाच मिनिटांत तपासता येते. घरच्यांनाही ती यादी दाखवा, त्यांचा निम्मा घोर तिथेच मिटेल.

आणखी एक, यावर मी आग्रही आहे. निरीक्षक संस्थेच्या बिल्ल्यावर जाणारी व्यक्ती भारताचे प्रतिनिधित्व करत नाही. भारताचे शिष्टमंडळ दिल्लीचे पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय ठरवते. महाविद्यालय कौतुकाने बातमी देईल आणि "नागपूरची कन्या भारताचे प्रतिनिधित्व करणार" असा मथळा छापून येईल. तो आधीच थांबवा. व्हिसाच्या अर्जात किंवा तिथल्या ओळखीत असे काही गेले तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही उडतो. "तरुणांच्या गटातून निरीक्षक म्हणून सहभाग" हे खरे आहे आणि ते कमीपणाचे अजिबात नाही. मुले आणि तरुणांचा हा गट, यंगो, 2009 पासून या प्रक्रियेत आहे, 2011 मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली आणि मान्यताप्राप्त नऊ निरीक्षक गटांपैकी तो एक आहे. त्याच्या विषयवार कार्यगटांत घरबसल्या सामील होता येते. मार्चपासूनच व्हा. जूनमध्ये अनोळखी म्हणून जाण्यापेक्षा तीन महिने ऑनलाइन बैठकांत बसलेली मुलगी म्हणून जाणे फार वेगळे.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच, लागेल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण पंधरा दिवस धरतात, पण ते 45 दिवसांपर्यंत लांबू शकतात. खरी अडचण अपॉइंटमेंटची. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमुळे एप्रिल-मे भरून जातात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते आणि नागपूरकरांना त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावे लागते. विदर्भ किंवा दुरांतोने जाणार असाल तर सकाळी नऊची वेळ घेऊ नका. गाडी तासभर लेट झाली की अपॉइंटमेंट गेली. दुपारची घ्या.

फी प्रौढांना 90 युरो, शिवाय व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा आकार. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, उतरायच्या दिवसापासून निघायच्या दिवसापर्यंतचा. एक दिवस कमी पडला तरी फाइल परत येते. सोबत परिषदेचे पत्र, संस्थेचे पत्र, महाविद्यालयाचे बोनाफाइड आणि रजेला हरकत नसल्याचे पत्र, राहण्याचे बुकिंग, विमानाचे आरक्षण, बँकेचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट आणि खर्च वडील करणार असतील तर त्यांचे आयकर विवरण व नात्याचा पुरावा.

नाकारले जाणारे अर्ज बहुधा कागद कमी म्हणून नाकारले जात नाहीत, कागदांचा मेळ बसत नाही म्हणून नाकारले जातात. संस्थेचे पत्र म्हणते राहण्याचा खर्च आम्ही करू, आणि बुकिंग वडिलांच्या कार्डावर. परिषदेचे पत्र दहा दिवसांचे आणि तिकीट पंचवीस दिवसांचे. खात्यात एरवी वीस हजार, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक दोन लाख जमा. मामाने मदत केली असेल तर तसे पत्र जोडा, लपवू नका. आणि एका पानाचे अर्जपत्र स्वतः लिहा: का जाते आहे, किती दिवस, कोणता खर्च कोण करणार, परत येऊन कोणती परीक्षा आहे. परीक्षेवरून आठवले: विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा लांबून जूनमध्ये आल्या तर काय, हे प्राचार्यांशी आत्ताच लेखी बोलून ठेवा. तोंडी "बघू आपण" यावर विसंबू नका.

आता मुख्य गोष्ट, तयारी. अजेंड्यावर डझनावारी विषय असतात. त्यातला एक, फार तर दीड धरा. सगळीकडे डोकावणाऱ्याला शेवटी एकाही खोलीतले कळत नाही. नागपूरच्या मुलीने माझ्या मते न्याय्य संक्रमणाचा विषय धरावा, म्हणजे कोळशाकडून दुसऱ्या ऊर्जेकडे जाताना त्यावर पोट असलेल्या माणसांचे काय, हा प्रश्न. त्याचा कार्यक्रम 2022 च्या शर्म अल शेख परिषदेत ठरला, 2023 मध्ये दुबईत त्याला रूप आले आणि 2025 मध्ये ब्राझीलच्या बेलेमला त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारायचे ठरले. आणि आपल्या दारात काय आहे? वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात. उमरेड, सावनेरच्या खाणी तासा-दीड तासावर. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे शहराला लागून. कोराडीत 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. जगातल्या फार थोड्या तरुण प्रतिनिधींच्या घराजवळ हा प्रश्न असा उभा असतो.

जाण्याआधी दोन दिवस काढा. एक दिवस उमरेडला, एक कोराडीला. कायम कामगार, कंत्राटी कामगार, ट्रकवाला, गेटसमोरचा चहावाला, प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे बंद झाले तर तुमच्याकडे पुढच्या वर्षी कोणता कागद असेल? कायम कामगाराकडे सेवापुस्तक आणि भविष्यनिर्वाह निधी असतो. चहावाल्याकडे काहीच नसते. 'असंघटित कामगारांचा समावेश' हा शब्दप्रयोग मसुद्यात हवा की नको यावर जेव्हा खोलीत घासाघीस चालते, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर तो चहावाला असेल.

उष्णतेचा विषय दुसरा, अर्धा. पण आकडे तपासूनच न्या. मे 2024 मध्ये नागपुरात 56 अंश तापमान नोंदल्याची बातमी देशभर फिरली आणि हवामान खात्याने तो यंत्राच्या सेन्सरमधला बिघाड असल्याचे सांगितले. तो आकडा आजही लोकांच्या सादरीकरणांत सापडतो. नागपूरचा खरा उच्चांक 47.9 अंश, 23 मे 2013 चा. तो पुरेसा भयंकर आहे, फुगवण्याची गरज नाही. सांगण्यासारखे चांगलेही न्या: भांडेवाडीला शहराचे सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, रोज 130 दशलक्ष लिटर क्षमतेच्या प्रकल्पातून. पाण्याच्या चर्चेत हे उदाहरण लोक कान देऊन ऐकतात.

मसुदा वाचायला शिका. त्यात चौकटी कंस दिसतात. कंसात जे आहे ते मान्य झालेले नाही, एवढे ध्यानात ठेवले की पान बोलू लागते. समजा ओळ अशी आहे:

"[विकसित] देशांनी संक्रमणासाठी अर्थसाहाय्य [द्यावे] [देण्याचा विचार करावा] [उपलब्ध साधनांनुसार द्यावे]."

पहिल्या कंसात पैसे कोण देणार याचे भांडण आहे. पुढचे तीन कंस म्हणजे तीन पर्याय, आणि प्रत्येकाच्या मागे देशांचा एकेक गट. 'विचार करावा' स्वीकारले तर बंधन संपले. 'उपलब्ध साधनांनुसार' आले तर उद्या साधने नाहीत म्हणायची सोय झाली. दुसऱ्या दिवशीच्या मसुद्यात कोणता कंस गेला आणि कोणता उरला, एवढे वहीत रोज टिपले तरी तुम्हाला वाटाघाट कळली. क्रियापदाचे वजन किती असते? 2015 मध्ये पॅरिसला शेवटच्या तासांत विकसित देशांच्या उत्सर्जन लक्ष्यांबद्दलच्या कलम 4.4 मध्ये 'शॅल' पडले होते ते अमेरिकेच्या आग्रहावरून 'शुड' करण्यात आले, आणि मगच करार मंजूर झाला. एक शब्द, पण कायद्याने बांधील की नैतिक अपेक्षा, हा फरक.

भारत कुठे उभा आहे तेही माहीत हवे. जी-77 आणि चीन हा विकसनशील देशांचा मोठा गट, त्यात समविचारी विकसनशील देशांचा गट, शिवाय ब्राझील, दक्षिण आफ्रिका, चीनबरोबरचा बेसिक. भारताची 2022 मधली उद्दिष्टे पाठ असू द्या: 2030 पर्यंत जीडीपीच्या प्रमाणातली उत्सर्जन तीव्रता 2005 च्या तुलनेत 45 टक्क्यांनी कमी, वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेत 50 टक्के बिगर-जीवाश्म, आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य. यातला 50 टक्क्यांचा टप्पा 2025 मध्येच गाठला गेला. कोणी विचारले तर लगेच एक गोष्ट जोडा: ही क्षमता आहे, प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून बराच मोठा आहे. हा फरक स्वतःहून सांगणाऱ्याचे पुढचे बोलणे लोक गंभीरपणे घेतात.

दिवस कसा जातो? सकाळी तरुणांच्या गटाची समन्वय बैठक, मग दिवसाचा कार्यक्रम बघून आपल्या विषयाची खोली गाठायची. मोठ्या सभेत सहा भाषांत दुभाषे असतात, लहान खोल्यांत फक्त इंग्रजी, आणि तेही पन्नास प्रकारच्या उच्चारांतले. पहिले दोन दिवस निम्मे कळणार नाही. घाबरू नका, कान तयार होतो. निरीक्षकांना काही बैठका खुल्या असतात, काही बंद. दारावर 'बंद' म्हटले तर हुज्जत घालायची नाही. अनौपचारिक बैठकीत फोटो, रेकॉर्डिंग करायचे नाही, आणि कोणता देश काय म्हणाला हे इन्स्टाग्रामवर टाकायचे नाही. याने बिल्ला जाऊ शकतो आणि संस्थेचा कोटाही धोक्यात येतो. फलक घेऊन शांतपणे उभे राहायचे असले तरी सचिवालयाची आगाऊ परवानगी लागते, आणि मजकूरही आधी दाखवावा लागतो.

वेळापत्रकाला घट्ट धरून बसू नका. अजेंडाच मंजूर झाला नाही म्हणून काम खोळंबते. 2025 च्या जूनमध्ये पहिले जवळजवळ दोन दिवस असेच गेले. त्या रिकाम्या वेळात कॉफीच्या टेबलाशी ओळखी होतात, तेव्हा खोलीवर परतू नका.

गटाच्या वतीने बोलायची संधी मिळाली तर दोन मिनिटे मिळतात. दोन मिनिटे म्हणजे 240 इंग्रजी शब्द, त्याहून एकही जास्त नको. दुभाष्यांकडे छापील प्रत आधी द्या. लोक पहिली चाळीस सेकंद आभारात घालवतात. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात मसुद्यातल्या परिच्छेदाचा क्रमांक आणि कोणता कंस काढा किंवा ठेवा ते सांगा, मग उमरेडचा चहावाला, मग पुन्हा तो परिच्छेद. घरी मोबाइलवर वेळ लावून दहा वेळा म्हणा.

प्रवासाचे थोडक्यात. नागपुरातून दोहा, शारजाकडे जाणारी विमाने भल्या पहाटेची असतात. तिकिटावर 7 तारीख पहाटे असेल तर घरून 6 च्या रात्री निघायचे आहे, यात दरवर्षी कोणीतरी चुकते. फ्रँकफुर्टला उतरलात तर विमानतळावरूनच वेगवान रेल्वेने झीगबुर्ग-बॉन, आणि तिथून 66 क्रमांकाच्या ट्रामने हॉइसआले-म्युझियम्समाइले थांबा. परिषद केंद्र तिथून पायी. बॉनमध्ये खोल्या लवकर संपतात आणि महाग होतात. झीगबुर्ग, बाड गोडेसबर्ग किंवा कोलोनमध्ये बघा. आपल्या बारीक दोन पिनांचे चार्जर तिथे चालतात, तीन पिनांचे नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सामानात नाही. शंभर-दीडशे युरो रोख ठेवा, बाकी फॉरेक्स कार्डावर. नागपुरातून 45 अंशांतून निघाल तरी एक जाडसर जॅकेट लागेलच, पाऊस पडला की तिथला जून गार होतो.

भेट म्हणून संत्रा बर्फी न्यायचा मोह होईल. तिच्यात खवा असतो, आणि युरोपीय संघात बाहेरून दुधाचे व मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजी संत्रीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरे न्या. आईने डब्यात पेढे घातले का तेवढे बॅग भरताना बघून घ्या.

परत आल्यावर दोन दिवसांत वही टंकून काढा, नंतर अक्षरही लागत नाही. बोर्डिंग पास फेकू नका, संस्था खर्चाची भरपाई त्यावरच करते. मग अंतिम मसुदा उतरवून घ्या, आपल्या विषयाचे काय झाले ते मराठीत एका पानावर लिहा आणि ते पान उमरेड-कोराडीत ज्यांच्याशी बोललात त्यांना नेऊन द्या. कधीकधी एकमत होत नाही आणि नियम 16 लावून विषय जसाच्या तसा पुढच्या सत्रावर ढकलला जातो. तसे झाले तर त्या पानावर तेच लिहा, आणि कोणता कंस अडला तेही.